अस्तर

साडेनऊला हाल्वर तोर्गेसन आला, नव्या पिकअपमधून.
मागोमाग जुनी, शेजारच्या पोराच्या हाती.
नवीचा हौदा इतका कोरा
की त्यात काही टाकायला हात धजावू नये.
बाहेर उणे एकवीस.
सस्कॅचेवानात नोव्हेंबर म्हणजे
रस्त्यावर माती कमी, मीठ जास्त,
आणि हे मीठ खाल्लेलं लोखंड
कुणाला जागत नाही.

जुनीचं अस्तर आधी काढून बघू, मी म्हटलं.
काळं प्लास्टिक, टबासारखं, बाबांनीच बसवलेलं,
स्क्रूंवर अजून त्यांची तिरकी खूण.
झाकली मूठ, बावीस वर्षांची.
उचललं, तर खाली
गव्हाचे दाणे, ओंजळभर, कुजून एकजीव झालेले,
दहा सेंटचं नाणं, केसांची एक पिन,
आणि हौद्याच्या जागी तांबूस भुगा,
ज्यातून माझ्या दुकानाची फरशी दिसत होती.

त्यानं पिन तेवढी खिशात टाकली.

मग मी सांगितलं, जे सगळ्यांना सांगते.
फवाऱ्याचं घ्या. पत्र्याला कातडीसारखं धरतं,
पाणी शिरायला फट म्हणून नाही,
फक्त गुडघे टेकलेत तर सोलून निघतील.
नाहीतर रबराची चटई. जड, मुकी,
कुत्रं असेल तर त्याची नखं घसरत नाहीत,
बर्फ वितळलं की काढा, धुवा, कुंपणावर टाका.
प्लास्टिकचं मी कुणाला देत नाही.
सैल बसतं, वाऱ्यात फडफडतं,
रिकाम्या गाडीत तर डबडं बडवल्यासारखं वाजतं.

"किती वाजतं?" त्यानं विचारलं.

इतक्या वर्षांत
किंमत विचारतात, रंग विचारतात,
एकानं विचारलं होतं, हरणाचं रक्त निघतं का.
हे कुणी विचारलं नव्हतं.
"वाजतं," मी म्हटलं. "मैलभर."

तो चटईच्या नमुन्यावर नखानं रेघ ओढत राहिला.
सोल्वेगला आता कडाच दिसतात, म्हणाला,
मधलं सगळं गेलं.
ताटाची कड दिसते, बटाटा नाही.
माझे कान दिसतात.
जुनी गाडी धान्याच्या कोठाराशी वळली
की तिला आत कळायचं,
शेगडीवर कॉफी चढायची.
ही आणल्याला आठवडा झाला.
मी दारात उभा असतो
आणि ती विचारते, कोण आहे?

मी वाद घातला. धंदा आहे माझा.
खाली पाणी साचेल, म्हटलं, मीठ बसेल,
वरून काही कळणार नाही आणि एक दिवस फरशी दिसेल.
"किती वर्षांनी?"
वीस. हिवाळे वाईट आले तर बारा.
"मी एक्क्याऐंशीचा आहे," तो म्हणाला,
आणि सकाळपासून पहिल्यांदा हसला.

कोठीत एक पडून होतं, भलत्याच मापाचं.
करवतीनं कडा छाटल्या.
कोऱ्या पत्र्याला आठ भोकं पाडताना
माझाच जीव खालीवर होत होता;
भोकांच्या कडांना गंजरोधक दोनदा लावलं,
न सांगता, न बिलात धरता.
बाबा स्क्रू शेवटपर्यंत आवळायचे,
वर पाव फेरा आणखी.
मी सगळे पाव फेरा सैल सोडले,
मागचे दोन तर अर्धा.

पोरगा एव्हाना जुनी भंगारात घेऊन गेला होता.
तिच्या अस्तराचं काय, त्यानं विचारलं.
राहू दे, म्हटलं, कोंबड्यांच्या खुराड्यावर घालीन.

तो गेला तेव्हा शटर उघडं टाकून उभी राहिले.
ऊब बाहेर चालली होती, बिल माझंच.
पेट्रोल पंपापाशी ऐकू आलं.
फाटकावर रुळांनी दोनदा उचललं, आपटलं.
मग बराच वेळ नुसता वारा.
संपलं असं वाटलं,
तर पुन्हा, अगदी बारीक,
लांबच्या कुठल्या अंगणात
कुणी रिकामी परात
खडखडवावी तसं.